संघाचा पथधर्म

अनेकांनी मिळून केलेल्या कृतीतून अनर्थ घडला तर त्याचे दायित्व कोणाच्या माथी येते, हा प्रश्न आपल्या धर्मचिंतकांनी युद्ध, यज्ञ, राज्यकारभार आणि न्यायदान यांच्या संदर्भात पुष्कळ खोलवर हाताळला आहे. परंतु पहाटेच्या प्रहरी वीस-पंचवीस सायकलस्वारांचा जथा शहरातून बाहेर पडतो, त्या वेळी तोच प्रश्न तितक्याच गांभीर्याने त्यांच्याबरोबर निघालेला असतो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. समूहाने सायकल चालविताना पाळावयाचे नियम आपण रहदारीच्या खात्याकडे किंवा फार तर शिष्टाचाराकडे सोपवून मोकळे होतो. डाव्या बाजूने चालावे, दिवा लावावा, हेल्मेट घालावे, सिग्नलला थांबावे, इतके सांगितले की विषय आटोपला असे आपणांस वाटते. माझ्या मते या नियमांचे खरे अधिष्ठान अहिंसेच्या विचारात आहे, आणि ते तेथे शोधले नाही तर त्यांचे पालन शिपायाच्या नजरेपुरतेच टिकते.

या शोधाला जयपूर हे स्थळ विशेष अनुकूल आहे. सवाई जयसिंहाने १७२७ साली वसविलेल्या आणि विद्याधर भट्टाचार्याच्या देखरेखीखाली आखलेल्या या नगरीत हमरस्ते सुमारे १०८ फूट रुंदीचे, त्यांना मिळणारे रस्ते त्यांच्या निम्म्याने, त्यांच्यातून फुटणारे आणखी निम्म्याने, आणि गल्ल्या त्याहूनही निम्म्या, अशी उतरती श्रेणी ठरविण्यात आली. आणि ज्या दरबारात जगन्नाथ सम्राट या महाराष्ट्रीय पंडिताने युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली, त्या दरबाराच्या राजधानीला रेषेचे आणि प्रमाणाचे इतके अगत्य असावे, हे स्वाभाविकच होते. जवाहर सर्कलपासून अल्बर्ट हॉलकडे येणारा जवाहरलाल नेहरू मार्ग, परकोटाच्या आतील जोहरी बाजार आणि बडी चौपड, जोरावर सिंह दरवाजातून निघून जलमहालाच्या काठाने आमेरकडे जाणारी वाट आणि नाहरगडचा वळणावळणांचा चढ, हे इथल्या सायकलस्वारांचे आवडते मार्ग आहेत. आणि पहाटेची वेळ ते अशासाठी निवडतात की त्या वेळी रस्ता मोकळा असतो. वस्तुतः त्या वेळी रस्त्यावर झाडू घेतलेले सफाई कामगार असतात, भाजीचे ठेले ढकलणारे असतात, देवदर्शनाला निघालेले वृद्ध असतात, मधोमध बसलेल्या गाई असतात, आमेरच्या बाजूस हत्ती असतात, आणि अल्बर्ट हॉलपुढे दाणे टिपण्यासाठी उतरलेले कबुतरांचे थवे असतात. ज्याला आपण मोकळा रस्ता म्हणतो, तो बहुधा दुर्बलांनी भरलेला असतो.

याच शहरात अठराव्या शतकात पंडित टोडरमल या जैन विद्वानांनी अमृतचंद्राचार्यांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथावर ढुंढारी भाषेत टीका लिहावयास घेतली. अकाली मृत्यूमुळे ती त्यांच्या हातून अपुरी राहिली आणि पुढे दौलतराम कासलीवाल यांनी ती पूर्णत्वास नेली. गृहस्थाच्या आचाराचे विवेचन करणाऱ्या या ग्रंथाचा फार मोठा भाग हिंसा म्हणजे काय याच्या सूक्ष्म चिकित्सेत खर्ची पडला आहे, आणि त्या चिकित्सेचा निष्कर्ष आजच्या रस्त्यावरील माणसाला अस्वस्थ करणारा आहे. हिंसेचे माप केवळ परिणामावर लावता येत नाही. मनातील कषाय, म्हणजे क्रोध-लोभादी विकार, आणि वर्तनातील प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हे तिचे मूळ, आणि दुसऱ्याचा प्राण जाणे हे तिचे बाह्य रूप होय. कुंदकुंदाचार्यांनी ‘प्रवचनसारा’त हाच विचार अधिक कठोरपणे मांडला आहे : समोरचा जीव वाचो वा मरो, ज्याचे आचरण बेसावध आहे त्याच्याकडून हिंसा निश्चितच घडलेली आहे, उलट, पूर्ण सावधपणे चालणाऱ्याच्या पायाखाली एखादा जीव सापडला, तरी तेवढ्याने त्यास कर्माचा बंध लागत नाही.

हा सिद्धांत खरा मानला तर आपल्या नित्याच्या हिशेबाची उलथापालथ होते. तांबडा दिवा असता चौक ओलांडून गेलेला स्वार मागे वळून म्हणतो, काही झाले तर नाही ना! त्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटते, कायद्याच्या दृष्टीने फार तर दंडाची पावती निघते. परंतु या चिंतनाच्या दृष्टीने जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते. त्या क्षणी आडव्या येऊ शकणाऱ्या माणसाचे अस्तित्व त्याने आपल्या मनातून पुसून टाकलेले असते, आणि तो माणूस प्रत्यक्षात आला नाही हा त्या माणसाचा योग आहे, या स्वाराचे पुण्य नव्हे. दैवाने वाचविलेल्या प्रत्येक बेसावध प्रसंगास निर्दोष मानण्याची आपली जी सवय आहे, तीच पुढच्या अपघाताची पूर्वतयारी होय.

प्रमादाच्या निवारणासाठी जैन मुनीला ज्या पाच समिती, म्हणजे सावध आचाराचे नियम, सांगितल्या आहेत, त्यांतील पहिली ईर्यासमिती ही चालण्याविषयीची आहे. उजेड झाल्यावर, लोकांच्या पायाखालच्या रुळलेल्या वाटेने, पुढची चार हात जमीन न्याहाळीत, मन अन्यत्र न जाऊ देता चालावे, असा तिचा आशय आहे. येथे कोणी आक्षेप घेईल की, मुनी तर वाहनात बसतच नाही, तो आयुष्यभर पायी विहार करतो. त्याचा नियम चाकावर बसलेल्या गृहस्थाला लावणे कितपत युक्त? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर गणितात आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे ७ मीटर अंतर कापते. धोका दिसल्यापासून बोटे ब्रेकवर आवळली जाईपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढे अंतर गेलेच, आणि कोरड्या, स्वच्छ रस्त्यावरही पूर्ण थांबेपर्यंत आणखी जवळजवळ तितकेच जाते. वेग दुप्पट झाला की हे दुसरे अंतर चौपट होते, आणि नाहरगडच्या उतारावर वेग दुप्पट होण्यास फार प्रयास पडत नाहीत. त्यात वळणावर वाळू पसरलेली असली किंवा हिवाळ्यातले धुके उतरलेले असले, तर हिशेब अधिकच बिघडतो. मुनीच्या मंद गतीला चार हातांची दृष्टी पुरत होती. ज्याने गती वाढविली त्याने दृष्टी त्याहूनही अधिक प्रमाणात वाढविली पाहिजे, आणि जेथे वळणाने, धुक्याने किंवा अंधाराने दृष्टी वाढविता येत नाही तेथे गती उतरविली पाहिजे. जेवढी वाट दिसते तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग धर्म्य होय. ज्ञानेश्वरांनी ‘ज्ञानेश्वरी’च्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना अहिंसकाचे पाऊल भूमीवर कसे पडते याचे वर्णन किती प्रेमाने आणि किती विस्ताराने केले आहे, हे मराठी वाचकास सांगावयास नको. अहिंसा प्रथम चालण्यात ओळखू येते, ही जाण त्या वर्णनामागे आहे.

येथवरचा विचार एकट्या प्रवाशाचा झाला. समूहात शिरताच एक नवीन आणि अधिक बिकट प्रश्न उत्पन्न होतो, कारण समूहात मागच्याला वाट दिसतच नाही. वाऱ्याचा विरोध पुढचा स्वार आपल्या अंगावर घेतो, मागच्याचे श्रम त्यामुळे बरेच हलके होतात, म्हणून अनुभवी स्वार पुढच्याच्या चाकापासून हातभर अंतरावर चालतात. परंतु या सोयीचे मोल म्हणून त्यांना आपली दृष्टी गहाण ठेवावी लागते. पुढचा खड्डा, गतिरोधक, गटाराचे उघडे तोंड, आडवे आलेले कुत्रे, हे सर्व त्यांच्यापासून एका पाठीने झाकलेले असते. प्रत्यक्ष प्रमाण असे निकामी झाल्यावर त्यांच्या हाती एकच साधन उरते, ते म्हणजे शब्दप्रमाण : पुढच्याने उच्चारलेला शब्द किंवा हाताने केलेली खूण.

न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानताना तो आप्ताचा असावा अशी अट घातली आहे, आणि वात्स्यायनाने आपल्या भाष्यात आप्ताकडे दोन गोष्टी मागितल्या आहेत : वस्तूचे साक्षात ज्ञान आणि ती जशी आहे तशी दुसऱ्यास कळविण्याची इच्छा. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते असेही त्याने आवर्जून नोंदविले. म्हणजे आप्तपण कुळावर, विद्येवर किंवा मानमरातबावर अवलंबून नाही. जो पाहतो आणि सांगू इच्छितो तो आप्त. सायकलींच्या रांगेत पुढे असलेला प्रत्येक जण मागच्यापुरता असा आप्त झालेला असतो, मग तो विद्यार्थी असो, व्यापारी असो की सेवानिवृत्त अंमलदार. हात खाली करून दाखविलेला खड्डा, पाठीमागे वळविलेल्या पंजाने सुचविलेली उभी गाडी, उंचावलेल्या हाताने कळविलेला थांबा, ‘गड्ढा’, ‘ब्रेकर’, ‘कार बैक’ असे आटोपशीर पुकारे, ही सारी आप्तवचने होत, आणि त्यांच्या भरवशावर मागचे लोक आपले प्राण चालवीत असतात.

ज्याने खड्डा पाहिला, आयत्या वेळी आपले चाक बाजूस काढले, आणि मागच्यास काहीच सांगितले नाही, त्याने कोणास ढकलले नाही, कोणास उद्देशून अपशब्द उच्चारला नाही, कायद्याचे एकही कलम मोडले नाही. तरीही मागचा जो पडला तो त्याच्या मौनामुळे पडला. शांत राहणे हा एरवी गुण मानला जातो, परंतु ज्याच्यावर दुसऱ्याची दृष्टी सोपविलेली आहे त्याचे मौन असत्य भाषणाच्या पंक्तीस बसते. रांगेच्या मधल्या स्वाराची जबाबदारीही याहून कमी नाही. पुढून आलेला पुकारा त्याने मागे दिला नाही तर संदेशाची परंपरा तेथे खंडित होते, आणि त्याच्या मागचे सर्व जण आपण सावध केले गेलो आहोत अशा समजुतीत आंधळे होऊन चालत राहतात.

उरलेल्या समितींपैकी काहींचे मर्मही या रांगेत स्पष्ट दिसते. भाषासमिती सांगते की बोलणे हितकर, मोजके आणि निःसंदिग्ध असावे. घाईत ओरडलेला संदिग्ध शब्द दहा जणांना दहा दिशांना वळवितो, आणि झाडूवाल्या बाईवर किंवा ठेलेवाल्यावर केलेली आरडाओरड तर भाषेने केलेली हिंसाच होय. वस्तू उचलताना आणि ठेवताना सावध असावे असे सांगणारी आदाननिक्षेपणसमिती, पाण्याची बाटली काढणे, ब्रेक आवळणे, जागा बदलणे, खिशातला फोन चाचपणे, अशा प्रत्येक हालचालीस लागू पडते. पुढच्याच्या मागल्या चाकाशेजारी आपले पुढचे चाक नेऊन ठेवू नये, हा रांगेतला मूलभूत दंडक तिच्याच पोटात येतो, कारण पुढचा किंचित सरकला की चाकाला चाक लागून मागचाच पडतो आणि त्याच्यावर त्याच्या मागचे पडतात. उत्सर्गसमिती टाकून द्यावयाच्या गोष्टींविषयी आहे, आणि विश्रांतीच्या जागी केळ्यांच्या साली व खाऊची वेष्टने तशीच सोडून जाणाऱ्या जथ्याने तिचे स्मरण ठेवावे, इतके म्हटले तरी पुरे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. अमृतचंद्राचार्यांनी हिंसेच्या फलाची वाटणी किती विचित्र रीतीने होते याचा विचार केला आहे. कधी कृत्य एकाच्या हातून होते आणि फलाचे भागीदार पुष्कळ ठरतात. कधी अनेक जण मिळून कृत्य करतात आणि फल एकाच्या वाट्याला येते, असा त्यांचा अभिप्राय आहे. सायकलींच्या जथ्यात या दोन्ही गोष्टी घडताना दिसतात. एक उतावीळ स्वार वेग वाढवितो, इतर त्याला अडवीत नाहीत, मनातून त्याचे कौतुकच करतात, आणि पुढे अनर्थ झाला तर हात त्याचा असला तरी अनुमोदन सर्वांचे असते. जैन विचार कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्हींना दोषात धरतो, तो याचसाठी. उलट, सर्वांनी मिळून अवास्तव वेग राखलेला असतो, आणि त्याचे फळ भोगतो तो रांगेच्या शेवटचा, नवखा, दमलेला, मागे पडू नये या लाजेपोटी आपल्या शक्तीबाहेर चाललेला मनुष्य.

समूहाचे मानस या बाबतीत फसवे असते. एकटा मनुष्य चौकात थांबतो. वीस जणांतला एक थांबत नाही, कारण पुढचा गेला म्हणजे वाट निर्धोक असणार असे त्याने गृहीत धरलेले असते, आणि पुढच्याने मागे वीस जण आहेत म्हणजे लोकच आपल्याला वाट देतील असे गृहीत धरलेले असते. अशा रीतीने प्रत्येक जण आपल्या वाट्याची सावधानता दुसऱ्याच्या खाती जमा करून मोकळा होतो, आणि वीस माणसांच्या जथ्यात सावध असा एकही उरत नाही. संपत्ती वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडी येते, हे खरे. जबाबदारीला हा न्याय लागू नाही. वीस जणांच्या संघात प्रत्येकावर ती पूर्णच राहते, किंबहुना आपल्या मागे येणाऱ्यांच्या प्रमाणात वाढते.

येथे नियतिवादाचा विचार करणे भाग आहे, कारण आपल्याकडे अपघातानंतर ‘त्याची वेळ भरली होती’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. जयपूरचे लोक नवे वाहन घेतले की मोती डुंगरीच्या गणपतीपुढे नेऊन त्याची पूजा करतात, आणि बुधवारी त्या मंदिरापुढे अशा वाहनांची दाटी होते. या श्रद्धेविषयी मला आदर आहे. आपल्या हाती शक्तीचे साधन आले असता माणसाने प्रथम नम्र व्हावे, ही भावना थोर आहे. परंतु विघ्नहर्त्याकडे रक्षण मागणाऱ्याने स्वतः दुसऱ्याच्या मार्गातले विघ्न न होण्याची प्रतिज्ञा त्याच वेळी केली पाहिजे, नाही तर ती प्रार्थना एकांगी राहते. दैवाचा सिद्धांत घडून गेलेल्या गोष्टीचा शोक आवरण्यासाठी उपयुक्त आहे; घडावयाच्या गोष्टीविषयी त्याचा आश्रय करणे म्हणजे पुरुषार्थाचा त्याग होय. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. एवढ्या मृत्यूंवर नियतीचे नाव घालून स्वस्थ बसणे धार्मिक मनाला शोभणारे नाही.

संघाने चालण्याची विद्या आपल्याला परकी आहे असेही नाही. हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला जो शिरस्ता घालून दिला, त्यात रथापुढील आणि रथामागील दिंड्यांचा क्रम ठरलेला आहे, आणि मुक्कामाच्या समाजआरतीच्या वेळी ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवीत राहते, चोपदार तिच्यापाशी जातो, तिचे म्हणणे ऐकले जाते, आणि मग दंड उंचावून सर्वत्र शांतता झाल्यावर हरवल्या-सापडल्याच्या वस्तू व दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ जाहीर होते. हजारोंच्या समुदायाला थांबवून ठेवण्याची मुभा एका दिंडीला असावी, या तजविजीत मोठे तत्त्व आहे. दूर युरोपातही अशीच एक परंपरा आढळते. पॅरिसच्या ज्या ऑडॅक्स क्लबची स्थापना १९०४ साली झाली, त्याच्या नियमांनी जगभर २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या सायकलयात्रा होतात, आणि जयपुरातूनही त्या निघतात. त्यांना अनुक्रमे साडेतेरा, २०, २७ आणि ४० तासांची मर्यादा असते, रात्री दिवे आणि प्रकाश परावर्तित करणारे जाकीट सक्तीचे असते, आणि पहिला-दुसरा असा क्रमांक कोणासच दिला जात नाही. मुदतीत पोहोचलेले सर्व सारखेच. जेथे क्रमांक नाही तेथे मागे पडलेल्यासाठी थांबणाऱ्याचे काही बुडत नाही, आणि धर्म पाळणे माणसाला सुकर होते.

याहूनही कठीण भाग संघाबाहेरच्या माणसाविषयीचा आहे. सायकलस्वार रस्त्यावर दोन प्रकारच्या लोकांच्या मध्ये असतो. मालमोटारीपुढे तो दुर्बल आहे, आणि तिच्या चालकाने आपल्याला जपावे असे त्याला वाटते, ते न्याय्यच आहे. परंतु पायी चालणाऱ्या वृद्धापुढे, शाळेच्या मुलापुढे, वाकून झाडणाऱ्या बाईपुढे तो सबळ आहे, आणि समूहाने आला तर कितीतरी अधिक सबळ आहे. स्वतःवरील अन्यायाची जाणीव जितकी तीव्र, तितका आपल्या हातून होणाऱ्या अन्यायाचा विसर पडण्याचा संभव अधिक. म्हणून रस्त्यावरील नीतीची परीक्षा आपण बलवंताकडे काय मागतो यावरून होत नाही, दुर्बलाला काय देतो यावरून होते. मागून गाडी आली की दोहोंच्या रांगेतून एकेरी रांगेत यावे, बसलेल्या थव्यातून उगाच चाक घालू नये, अरुंद गल्लीत उतरून चालावे, अपघात आपला नसला तरी थांबावे, ही त्या देण्याची साधी रूपे आहेत. जखमीला मदत करणाऱ्यास नाहक चौकशीचा त्रास होऊ नये यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षणाची तरतूद झालेली आहे. तेव्हा भीतीची सबबही आता उरलेली नाही.

जीवांनी परस्परांवर उपकार करावा हा त्यांचा स्वभावच आहे, असे जैन तत्त्वज्ञान मानते. हा स्वभाव संघाच्या व्यवहारात उतरवावयाचा तर प्रत्येक जथ्याने निघण्यापूर्वी उभे राहून तीन गोष्टी मोठ्याने सांगाव्यात : पुढे कोण राहील, सर्वांच्या मागे कोण राहील, आणि कोणत्या खुणांनी आपण एकमेकांशी बोलू. यांना चौथी एक जोडावी, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे : संघ थांबविण्याचा अधिकार प्रत्येकास राहील, सर्वांत नवख्यासही, आणि तो वापरल्याबद्दल कोणी त्यास लाजविणार नाही. वेग ठरविण्याची सत्ता समर्थांपाशी आपोआपच जाते; थांबविण्याची सत्ता असमर्थापाशी जाणीवपूर्वक ठेवावी लागते. ज्या संघाने ती ठेवली, त्याने एकाच्या प्रमादाचे फळ अनेकांना आणि अनेकांच्या प्रमादाचे फळ एकाला भोगावे लागू नये, यासाठी मनुष्याच्या हाती असलेले सर्व काही केले, असे निःसंकोच म्हणता येईल. आणि ज्याने ती ठेवली नाही, त्याने कितीही मैल सुखरूप कापले तरी ते केवळ दुसऱ्यांच्या सावधपणाच्या उधारीवर कापले, हे त्याने ओळखून असावे.